चौथ्या दिवसाचं पान

नागपूर, ११ फेब्रुवारी २०२५

ती. लहानूदादास अपर्णाचा सप्रेम जयभीम.

वि. वि. फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवते. ह्यांच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन शनिवारी झालं, पण हृदयानं अजून जोर धरला नाही. रक्त मशीनमधून फिरून राहिलं आहे. डॉक्टर म्हणाले, कंप्यूटरच्या हिशेबानं अशा शंभरातले तीस वाचतात. नणंद म्हणते, काहून छळता, काढा मशीन. उद्या संध्याकाळपर्यंत मला उत्तर द्यायचं आहे. मीरावहिनीच्या वेळी तू हे सारं पाहिलंस. मी काय सांगू?

तुझ्या भरवशावर,
अपर्णा

सिलतरा, रायपूर, ११ फेब्रुवारी

चि. अपर्णास अनेक आशीर्वाद.

तीस हा आकडा एकट्या दयारामचा नाही, त्याच्यासारख्या शंभरांचा आहे. चौतीस वर्षं मी कारखान्यात भट्टीचं तापमान दर तासाला लिहिलं. एक आकडा काही सांगत नाही. ओळीनं चार बसले की सांगतात. नर्सला रक्तातलं लॅक्टेट विचार. शरीराला प्राणवायू कमी पडला की ते चढतं. शनिवारपासूनचे आकडे एका ओळीत लिही. उतरत असतील तर डॉक्टरांना स्पष्ट सांग, आम्ही थांबतो, मशीन राहू द्या. मीराच्या वेळी मी लिहिलेल्या वहीची पानं पाठवतो. तिचे चढत गेले: सहा, नऊ, तेरा. तसं दिसलं तर लगेच कळव, पहिल्या गाडीनं येतो.

दयारामच्या कानात सांग, कॅरमची राणी त्यानं खिशात लपवली होती ते मी विसरलो नाही.

जेवत जा.
लहानूदादा

नागपूर, १७ फेब्रुवारी

ती. दादास सप्रेम जयभीम.

अकरा, आठ, साडेपाच, साडेतीन. ओळ पाहून डॉक्टरही म्हणाले, थांबू. हृदयानं जोर धरला, काल मशीन काढलं. राणीचं विचारलं तर ह्यांनी डोळे मिटून घेतले, म्हणजे चोर शुद्धीवर आहे.

दादा, वहिनीच्या वहीत चौथ्या दिवसापासून आकडेच नाहीत. रोज एवढंच, केस विंचरले. तू तेव्हाच ओळखलं होतंस? मग आम्हाला काहून कळवलं नाहीस?

रागावले नाही.
अपर्णा

सिलतरा, १८ फेब्रुवारी

चि. अपर्णास आशीर्वाद.

ओळखलं होतं. डॉक्टरांनीही नंतर तेच सांगितलं. मग आकडे लिहून काय करायचं होतं? पाच दिवस मिळाले, ते तिच्याजवळ बसलो. तुला बोलवायला हवं होतं. ते माझं चुकलं.

दयारामचे केस विंचरत जा. उरलेत तेवढे.

माया आहे तशीच राहू दे.
लहानूदादा