सात मिनिटं आधी

३ जून, लातूर

लागलो एकदाचा कामाला! कॉलेजच्या एका सरांनी माझ्या वर्गातल्या ऋतुजाला भर वर्गात रडवलं म्हणून मी त्यांची कॉलर धरली आणि विष्णुपुरीचं इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षात सुटलं. आमच्या सगळ्या भोकरात बोंब झाली होती. आता तेच भोकर मला टीव्हीवर बघणार. 'मांजरा वार्ता' हे आमचं चॅनेल औसा रोडला, मिठाईच्या दुकानावर, दोन खोल्यांत. एकीत निळा पडदा, दुसरीत संपादक हणमंत सर. त्यांनी माझ्याकडून पेपर वाचून घेतला आणि म्हणाले, आवाज दमदार हाय, पण जीव लई ओततोस. जीव काढ त्यातला. कॅमेरामन रेवणप्पा उदगीरचा. पहिल्या चहालाच मला हिरो म्हणू लागला. आईला फोन केला तर म्हणाली, व्यंकटी, तिथं तरी कुणाची कॉलर धरू नको बाबा.

लातूरच का, ते इथंच लिहून ठेवतो. ऋतुजानं डिग्री घेतली आणि आता ती इथल्या क्लासेसमध्ये फिजिक्स शिकवते. तिचा क्लास आमच्या खिडकीतून दिसतो.

५ जून

आज कोऱ्या बातम्या रेकॉर्ड केल्या. नवा माणूस आला की त्याच्याकडून करून घेतात म्हणे. बुडून मृत्यू, ट्रकला धडक, वीज पडली, मोटारीचा शॉक, साप चावला, अशा बारा. माणसाच्या नावाची जागा मोकळी सोडायची. मनात तीन आकडे मोजायचे आणि पुढं वाचायचं. घटना घडली की सर त्या जागेत नाव बसवतात, म्हणून आपली बातमी सगळ्यांच्या आधी लागते. सर म्हणाले, नाव तेवढं वेगळं असतं, बाकी मौत सारखीच.

एकच नियम आहे. मोकळ्या जागेत खोकायचंही नाही.

कॉम्प्युटरवर माझ्या आधीच्या रिपोर्टरची एकच क्लिप उरली आहे. अपूर्वा तिचं नाव. इस्लापूरच्या सहस्रकुंड धबधब्यात बुडून मृत्यू, आणि मोकळ्या जागेत तिचंच नाव, तिच्याच आवाजात. मी हसलो, म्हटलं पोरगी मजेची होती. रेवणप्पा हसला नाही. उठून लेन्स पुसत बसला.

९ जून

क्लाससमोर ऋतुजा भेटली. साखरपुडा झाला म्हणाली. अनय देशमाने, नांदेडचा, बँकेत आहे. तू कॉलेज पूर्ण कर व्यंकटी, आधी स्वतःचं बघ, असंही म्हणाली. अगदी प्रेमानं म्हणाली, त्याचाच जास्त राग आला.

ऑफिसात आलो. कुणी नव्हतं. माइक चालू केला आणि ट्रकच्या बातमीतल्या मोकळ्या जागेत त्याचं नाव घेतलं. अनय देशमाने, राहणार नांदेड. बरं वाटलं. मग भूक लागली म्हणून खाली गेलो. पुसायचं राहिलंच.

११ जून

अनय गेला. अहमदपूरच्या अलीकडं, उभ्या ट्रकला मागून दुचाकीची धडक. माझीच क्लिप लागली. नाव बसवायचीही गरज पडली नाही. सर म्हणाले, शाब्बास, सगळ्या जिल्ह्यात पहिले आपण. आणि आज आवाज कसा एकदम कोरा लागलाय.

सर्वांना पेढे दिले त्यांनी. मी दोन खाल्ले.

१२ जून

अनयच्या आईचा बाइट घ्यायला नांदेडला पाठवलं. मी विचारलं, आपल्याला काय वाटतं? त्यांनी माझा हात धरला. तुम्ही त्याचे दोस्त का हो? मी म्हणालो, हाव. कोपऱ्यात ऋतुजा बसली होती. माझ्याकडं बघत होती की माइककडं, कळलं नाही.

येताना गाडीत रेवणप्पा म्हणाला, हिरो, रड की जरा. मी प्रयत्न केला.

१४ जून

संध्याकाळचं बातमीपत्र आता मीच वाचणार. आईनं गल्लीत सगळ्यांना सांगितलंय.

पोलीस ठाण्यात अपघाताची नोंद बघितली. पेट्रोल पंपाच्या कॅमेऱ्यात धडक दिसते. सकाळी दहा एकोणपन्नास. आमच्या रजिस्टरला बातमी लागली दहा बेचाळीसला. सात मिनिटं आधी.

सरांना विचारलं, लावली कुणी? ते म्हणाले, तूच लावली असशील असं वाटलं मला. आणि जेवायला बसले.

१६ जून

बुडून मृत्यूची क्लिप उघडली. मोकळ्या जागेत मी गप्प होतो, तिथं स्क्रीनवर आवाजाची सरळ रेघ होती. आज तिथं उंचवटा आहे. कान लावून ऐकलं. माझाच श्वास. नाव घ्यायच्या आधीचा.

पुसली.

१७ जून

क्लिप परत आली आहे. आता नाव ऐकू येतं. माझाच आवाज, अगदी कोरा. विष्णुपुरी जलाशयात पाय घसरून ऋतुजा—

मी हे नाव घेतलं नव्हतं. या नावाला माझा आवाज कधी असा कोरा लागला नाही.

१८ जून

वीस तारखेला अनयची दशक्रिया. विष्णुपुरीला, गोदावरीच्या काठी. ऋतुजा जायचा हट्ट धरून बसली आहे.

तिला फोन केला. पाण्याकडं जाऊ नको, गेलीस तर मरशील, असं ओरडलो. माझं नेहमीचंच. तिला धमकी वाटली. तासाभरानं तिच्या भावाचा फोन आला. पुन्हा नंबर लावलास तर पोलिसांत देईन.

क्लिप चार वेळा पुसली. चार वेळा—

१९ जून

रेवणप्पाला धरलं. कॉलरच धरली. तो बोलला. अपूर्वानं सासूवरच्या रागात शॉकच्या बातमीत नाव घेतलं होतं. सासू गेली. मग धबधब्याच्या बातमीत आपोआप नाव आलं, तिच्या धाकट्या भावाचं. तिनं त्यावर स्वतःचं नाव रेकॉर्ड केलं. आपलं नाव पुसत न्हाई ते, ठेवून घेतंय, असं म्हणाला. तिला पाण्यातून काढलं त्याचं शूटिंग यानंच केलं होतं.

अपूर्वाच्या भावाचा नंबर दिला त्यानं. लावला. पोरगं उचलून हॅलो म्हणालं. मागं क्रिकेट चालू होतं. जिवंत आहे.

मी फोन ठेवला.

२० जून, पहाटे

केलं. बुडून मृत्यू, विष्णुपुरी. व्यंकटी, राहणार भोकर. परत लावून ऐकलं. आवाज चांगला आहे. भीती वाटेल असं वाटलं होतं. आईचं नाव आठवून बघितलं, पंचफुलाबाई. तरी काही नाही. सर म्हणाले तसा जीव निघालाय त्यातला.

ऋतुजाचं नाव परत आलेलं नाही.

२० जून, विष्णुपुरी

पायरीवर बसून लिहून राहिलो. सरांनी दशक्रियेचं शूटिंग करायला पाठवलंय. रेवणप्पा कॅमेरा लावतोय, माझ्याकडं बघत नाही. पिंड ठेवलाय. कावळा शिवत नाही म्हणून सगळे थांबलेत. ऋतुजा खालच्या पायरीवर, पांढरी ओढणी. पायरीला शेवाळ.

तिला हाक मारली असती. तिच्या भावानं मला बघितलंय.

९.२० — रेवणप्पानं मोबाइल पुढं केला. आमचं चॅनेल. माझा फोटो. माझा आवाज. पहिले आपणच. म्हणजे सात मिनिटं.

९.२२ — आईचा फोन वाजतोय. तिनं बघितलं. काय सांगू? उचलला नाही.

९.२५ — कावळा आला. सगळे वर बघतात. ऋतुजा एक पाय मागं—

९.२६ — वही रेवणप्पाकडं देतो, खाली तिच्याकडं जातो. तिचा भाऊ धावत माझ्याकडं, तिच्याकडं कुणीच— तिचा पाय स