न तपासलेलं पान

सर, तुम्ही रोह्याच्या कारखान्यात बसून लिहिलेला लिस्प या संगणकभाषेचा प्रोग्राम आता पेणला माझ्या टेबलावर चालतो. फ्लॉपी मात्र वाचता आल्या नाहीत. हमरापूरच्या तुमच्या माळ्यावर शेजारच्या गणपतीच्या कारखान्यातली शाडूची धूळ त्यांच्यात बसली होती. छापील कागद तुमच्यामागे काकूंनी जपून ठेवले होते. म्हणाल्या, "ह्यांच्यासारखा आणखी एक येडा येल, ठाऊक होतं मला. टाकले नाय." ते कागद समोर ठेवून मी आठ महिने एकेक ओळ नव्या संगणकासाठी पुन्हा लिहिली.

मी वाणिज्य शाखेचा, स्टोअरमधला कारकून. कंसांनी भरलेली ही भाषा तुम्ही मला जेवणाच्या सुट्टीत शिकवलीत. लिहिणाऱ्याने स्वतःचं तपासायचं नाही, हा तुमचा नियम. तुम्ही लिहिता, मी चालवून पाहतो आणि पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने खूण करतो. एकदा मी कंस नुसत्या नजरेने मोजले, तेव्हा तुम्ही पान माझ्याकडे परत सरकवलंत. "बोट ठेवून मोज. डोळा लबाड असतो."

नव्या संगणकात माहिती ठेवायला जागा इतकी, की एक दोष कधी दिसलाच नसता. म्हणून जुन्या यंत्राला होती तेवढीच जागा मी मुद्दाम ठेवली. ती भरली आणि नको झालेली माहिती काढून टाकायच्या वेळी सगळं थांबलं. ते काम ज्या पानावर आहे, त्यावर माझी खूण आहे. मूळ ओळीशी ताडून पाहिलं. चूक तिथलीच, तुमची. पान उलटलं, तर मागे तुमच्या बारीक अक्षरात लिहिलेलं: "याने हे चालवून पाहिलेलं नाही. विचारायचं नाही. सांगेल."

त्यानंतर चार वर्षं आपण एकाच टेबलावर डबा खाल्ला. तुम्ही विचारलं नाहीत.

चूक मी दुरुस्त केली आहे. नियमाप्रमाणे ती आता दुसऱ्या कोणी तपासायला हवी. पण हे वाचता येणारं माझ्या ओळखीत कोणी उरलेलं नाही. कोपरा कोरा ठेवला आहे.

हे पत्र त्याच पानात घडी घालून ठेवतो. त्या संध्याकाळी मला पेणची गाडी गाठायची होती, सर. उद्या चालवून पाहू, असं पुढचंच निडी स्टेशन येईपर्यंत मनात होतं. मी ते पान तपासलं नव्हतं.