आमच्यात गाय आहे

प्रिय रेसियातो,

सवतीने सवतीला पत्र लिहिल्याचं आपल्या वस्तीत कुणी ऐकलं नसेल. हे लेमायानभावजींच्या हाती देतेय. त्यांना आधी चहा दे, म्हणजे तोंड गुंतलेलं राहील. नाहीतर तू वाचायच्या आत ते सगळं आपणच सांगतील, तेही मीठमसाला लावून. माझ्या अक्षराला हसू नकोस. मिशनच्या शाळेत तू माझ्यापेक्षा दोन इयत्ता जास्त शिकलीस, आणि हेही मला कधी आवडलेलं नाही.

तू लेकीला पाठीशी बांधून माहेरी गेलीस, त्यानंतर हे तुला आणायला आले आणि एकटेच परतले. आता कुंपणाचे काटे उगाच इकडून तिकडे करत असतात. तुझ्या घराच्या छपराला मी परवा शेण लिंपलं, कारण पाऊस आला असता तर सासूबाईंनी मलाच बोल लावला असता. दुसरं काही कारण नाही. जाताना तू यांना म्हणालीस ते यांनी मला शब्दन् शब्द ऐकवलं. इतके पावसाळे या वस्तीत काढले, पण मोठीने अजून एक जनावर देऊन नातं जोडलं नाही, परक्या बाईसारखी नावाने हाक मारते; आता तिने बोलावल्याशिवाय मी यायची नाही. मी म्हटलं, बसू दे माहेरी. आणि माझ्या घरात जाऊन चुलीशी बसले.

खरं सांगू, मला तुझा हेवा वाटायचा. वाटायचा कसला, वाटतो. तू आलीस तेव्हा माझं घर या वस्तीत सगळ्यांत मोठं होतं, सिंह-हत्ती बघायला येणाऱ्या पाहुण्यांच्या गाड्या आल्या की त्यांना वाट दाखवणारे भावजी आधी माझ्याकडे आणायचे. मग तू तुझं घर बांधलंस, दार जरा उंच केलंस, आणि पाहुण्यांची डोकी आपटायची थांबली. झालं, सगळे तुझ्याकडे. मण्यांचे हार विकायला बसलो की मी माझं कापड फाटकाजवळ अंथरायची, तरी पाहुण्या बायका मला ओलांडून तुझ्याकडे जायच्या. यांचं तर मी बोलतच नाही. पण ती पांढऱ्या पोटाची गाय? माझ्या आईने मला लग्नात दिलेल्या गायीची नात ती, माझ्या हाताखाली वाढलेली. तरी तुझा हात लागला की पान्हा सोडणार आणि मी बसले की चोरणार. त्या दिवशी म्हणून तर मी तुला बोलले, की जा, पाहुण्यांच्याच गाडीत बसून जा. तू माहेरी जाशील असं मला वाटलं नव्हतं.

आता कालचं ऐक. गेल्या वर्षी तुझा हात धरून वस्तीभर फिरलेली ती म्हातारी इंगेबाई आठवते ना? ती पुन्हा आली होती. सिंह, हत्ती, सगळं बघून झालं होतं, शेवटचा दिवस होता, दुपारी विमान. बाकीचे छावणीत सामान बांधत बसले आणि ही आपल्याकडे आली. गाडीतून उतरली तीच "रेसियातो, रेसियातो" करत. मी पुढे झाले, गळ्यात सगळे हार घालून. तिने माझा हात हातात घेतला आणि माझ्या खांद्यावरून मागे बघत राहिली. तू नाहीस म्हटल्यावर तिचा चेहरा असा पडला की मला आधी रागच आला. मग, तुला सांगते, तिच्या शेजारी उभी राहून मीही तुझ्या दाराकडे बघत राहिले.

ती तुझ्या घरात जाऊन थोडा वेळ बसली. बाहेर आली तेव्हा पाहुण्यांसाठीचा पुरुषांचा उड्यांचा नाच संपला होता, सासूबाई सावलीत बसल्या होत्या, हे होते, वस्तीतले सगळे थोर लोक होते. भावजींनी गाडीत तिला आपल्या चालीचं सांगून ठेवलं होतं, की आमच्यात एकाने दुसऱ्याला जनावर दिलं की दोघांची नावं मिटतात. मेंढी दिली तर दोघं एकमेकांना पाकेर म्हणतात, गाय दिली तर पाकितेंग, मरेपर्यंत. कुणी विचारलं होतं भावजींना सांगायला? बाईने यांच्याकडून एक कोकरू विकत घेतलं, कवेत उचललं, आणि म्हणाली की हे रेसियातोला द्या. आजपासून ती माझी पाकेर आणि मी तिची. सगळे खूश. हे तर हसून मान डोलवत होते. सासूबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

रेसियातो, मला त्या बाईचा असा हेवा वाटला ना! तुझा हेवा मला ओळखीचा आहे, त्याच्याशी माझं रोजचं उठणंबसणं आहे. हा निराळाच होता. दोनदा येऊन गेलेली बाई तुला पाकेर म्हणणार, तिकडे तिच्या गारठ्याच्या देशात बसून म्हणणार, आणि मी, जिच्या भिंतीला तुझी भिंत लागून आहे, मी काय म्हणणार? तेवढ्यात तिने तेच विचारलं. खोडी काढायला नाही, प्रेमानेच. भावजींनी सगळ्यांदेखत माझ्यापुढे ठेवलं.

"वहिनी, बाई विचारतायत, तुमच्या दोघींमध्ये कुठलं जनावर आहे?"

सासूबाई मान खाली घालून तपकिरीची डबी उघडायला लागल्या. हे कुंपणाकडे बघायला लागले. आणि माझ्या तोंडून गेलं,

"गाय. आमच्यात गाय आहे. मी तिला पाकितेंग म्हणते."

बाईने टाळ्या वाजवल्या, तिला काय कळणार. ती गाडीत बसून हात हलवत गेली, धूळ खाली बसली, तेव्हा सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "थोरांसमोर बोललीस, नाशिपाइ. बोललेली गाय गोठ्यात ठेवता येत नाही." मी म्हटलं, मला ठाऊक आहे. भावजी तिथे दात काढत होते, त्यांच्याकडे मी बघितलंच नाही.

म्हणून हे लिहिलं. ती पांढऱ्या पोटाची तुझी. आज सकाळी दूध काढायला बसले आणि तिने पुन्हा पान्हा चोरला, तेव्हा मी तिला म्हटलं, चोर, तुझी मालकीण येतेय. तू आली नाहीस तर मी सगळ्या वस्तीसमोर खोटी पडेन, पण नुसतं त्यासाठी येऊ नकोस. तुझं कोकरू मी माझ्या कोकरांत ठेवलंय, चांगलं चरतंय, त्या बाईला तू खुशाल पाकेर म्हण. फक्त आधी फाटकातून आत ये आणि मला माझ्या नव्या नावाने हाक मार, मोठ्याने, सासूबाईंना ऐकू जाईल अशी. मला अजूनही तुझा हेवा वाटतो आणि पुढेही वाटेल. वर तुझं नाव लिहिलंय ते शेवटचं.

तुझीच,
पाकितेंग