ना रंग, ना रेषा

सोमवार, ३
नव्या कचेरीत संगणकावरच्या फाइली साफ करायच्या कामावर रुजू झालो. जागा खिडकीशी, चहा कडक, चित्त प्रसन्न. तक्रार एकच, पण जगबुडीच्या तोलाची: इथल्या नकाशांच्या फाइली बाहेर पडतात त्या कचरा घेऊनच. एका साध्या भिंतीला दशांशचिन्हापुढे सात आकडे! भिंत आहे की ग्रहगणित? नकाशेवाल्या बाईंनी स्वागत म्हणून आमच्या नव्या घराचाही नकाशा काढून दिला. सौ. खूश.

मंगळवार, ४
आमच्या कचेरीच्याच नकाशाची फाइल एडिटरमध्ये उघडली. प्रत्येक खोलीत रिकामे गट: ना रंग, ना रेषा, आत काही नाही, नुसतं नाव. ‘साहेब’. ‘टेलिफोनवाली’. बाई म्हणाल्या, भाऊ, तेवढं राहू द्या, ती माणसं आहेत. मी म्हटलं, हजेरीची वही आहे की त्याला. त्या हसल्या नाहीत. उलट साहेबांदेखत म्हणाल्या, तुम्हाला पुसायचा रोगच आहे. माझं डोकं फिरलं.

बुधवार, ५
चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली: ज्याला ना रंग ना रेषा, ते काढून टाक. जुनी प्रत ठेवत नाही. केराची प्रत कोण ठेवतो? पहिली चाचणी मुद्दाम बाईंच्या खोलीच्या फाइलवर. रागाने केलं, हे कबूल.

गुरुवार, ६
बाईंची खुर्ची नाही. विचारलं तर साहेब म्हणतात, कोण बाई? टेलिफोनवाली खुदकन हसली. नवख्याची थट्टा! संस्कृत शिकलेला म्हणजे बावळट, असं वाटतं यांना. संतापाने अख्ख्या फोल्डरवर स्क्रिप्ट सोडली, कायमची चालू. बसा म्हणावं हसत.

शुक्रवार, ७
टेलिफोन वाजतोय. उचलायला कोणी नाही. साहेब नाहीत. कोणीच नाही. व्याकरणात लोप झालेल्या अक्षराचंही काम मागे उरतं. इथे तेही —

आमच्या घराचा नकाशा त्याच फोल्डरमध्ये होता. स्वयंपाकघरात बाईंनी ‘वहिनी’ लिहिलं होतं. त्याखाली ‘भाऊ’.

शनिवार, ८
टेबलावर एकच कप. ‘वहिनी’ पुन्हा टाइप केलं. पुसलं गेलं. स्क्रिप्ट बंद करून टाइप केलं. राहिलं, पण नुसतं नाव. मूर्खा, चार ओळी! चार!

रविवार
‘भाऊ’ही पुसलं गेलंय, माझं काय व्हायचं ते होवो. खरी भीती वेगळीच आहे. दाराशी बायकी चपला आहेत, आणि त्या कोणाच्या हे कळायला मला ही रोजनिशी वाचावी लागली. उद्या वाचूनही वाईट वाटलं नाही तर?

लिहून ठेवतो. तिला चहा बिनसाखरेचा. हसताना डोळे मिटते. तिचं नाव —