स्टुलावरचा निवाडा

बुधवार, १२ फेब्रुवारी

प्रिय दादा,

सप्रेम सलाम. तू, वहिनी आणि मुलं खुशाल असाल. वहिनीचे गुडघे कसे आहेत? तिला म्हणावं, जिना उतरताना हट्ट करू नकोस. इकडे आम्ही बरे आहोत. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय झालेत, त्याचं कारण पुढे येईल. आधी पोटभर हसून घे.

तुझं पत्र मिळालं. 'हा सांसारिक वाद आहे, मंडळीतच मिटवा, पोलिसांच्या दारात जाऊ नका,' असं तू लिहिलंस. खाली बायबलातला तुझा तो लाडका ग्रीक शब्दही लिहिलास, बिओटिकोस. मागे तू उपदेशाला आलास तेव्हा तासभर तोच एक शब्द चघळत होतास. खाणंपिणं, चूल, नळ, भिंत, रोजच्या जगण्याच्या सगळ्या कटकटी त्यात येतात म्हणालास. असल्या भांडणांचा निवाडा करायला मंडळीतलं सगळ्यांत हलकं माणूस बसवलं तरी पुरे, असंही म्हणालास. तुझी पाठ वळली आणि वडीलमंडळींनी प्रार्थनाघर झाडणारीला स्टुलावर बसवलं. म्हणजे मला. लोक फिदीफिदी हसले.

पण हसणारेच पुढे रांगेत उभे राहिले. दोरीवरचे कपडे, शेजारणीची कोंबडी, सामाईक गटार, सगळं मी निस्तरलं. मला ते आवडायला लागलं होतं, खोटं कशाला बोलू? मग आपला बारक्या आणि बिस्किटवाला आले. दोघांत भट्टी एक. तेव्हाच मी स्टुलावरून उतरायला हवं होतं. सख्ख्या भावाचा निवाडा बहिणीने करायचा नसतो, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पण वडीलमंडळी म्हणाली, 'तूच कर, तुझं तो ऐकेल.'

मी निवाडा दिला तो बरोबरच होता, दादा. पावाला कडक आच लागते, म्हणून आधी पाव. बिस्किटांना उतरती आच लागते, म्हणून मागून बिस्किटं. बारक्याने पावाची एकच खेप काढायची आणि भट्टी सोडायची. दोघांनी हातात हात दिला.

दोन आठवडे सुरळीत गेले. गेल्या मंगळवारी सकाळी मी पाव आणायला गेले, तर बारक्या दुसरी खेप आत सारत होता. मी म्हटलं, "अरे, काय ठरलं होतं?" तो म्हणाला, "गप गं, मोठ्या लग्नाची ऑर्डर आहे." तेवढ्यात बिस्किटवाला ट्रे घेऊन आला. भट्टी अडलेली बघून त्याने ट्रे आपटला आणि बारक्याच्या मळलेल्या कणकेत राखेची बादली ओतली. त्याची चूक तेवढीच. मी नीट बघितलंय, तेवढीच.

बारक्याने निखारे सारायची सळई उचलली. पहिला फटका जबड्यावर बसला. आवाज मला अजून ऐकू येतो, लाकूड मोडल्यासारखा. बिस्किटवाला गुडघ्यांवर आला, तोंड धरून. तिथे थांबला असता तर मीही तुझ्यासारखंच म्हटलं असतं की घरातलं घरात राहू दे. पण त्याने पडलेल्या माणसाला मारलं. पाठीवर, बोटांवर, मग सळईचं टोक डोळ्यात. कणकेवर रक्त, राखेत रक्त, आणि आपला बारक्या तोंडाने शिव्या देत हाणतोय. मी मध्ये पडले.

तर अक्षराचं कारण हे. उजवा हात कोपराखाली दोन ठिकाणी मोडलाय. चुकून लागला असं मी सगळ्यांना सांगितलं. तुला सांगते, त्याने माझ्याकडे बघितलं, ओळखलं आणि मग मारलं.

बिस्किटवाल्याचा डोळा गेला. जबडा तारांनी बांधलाय, शब्द फुटत नाही. बोटं मोडलीत, म्हणून लिहिता येत नाही. बघणारी मी एकटीच. वडीलमंडळी माझ्या घरी येऊन बसली, चहा प्यायली. म्हणाली, "पाय घसरून भट्टीच्या तोंडावर पडला, एवढंच सांग. आपलेच दात, आपलेच ओठ." मी म्हटलं, "दात त्याचे पडलेत आणि ओठांना टाके घातलेत. आपले कुठले?" तेव्हा एकाने डोळे वटारून तुझं नाव घेतलं. दादांनाही हेच वाटतं, म्हणाला. मला ते खरं वाटलं नाही. मग तुझं पत्र आलं.

दादा, मी तुझं पत्र वाचलं, घडी घातली आणि चौकीवर गेले. बघितलं ते सगळं सांगितलं. सही डाव्या हाताने केली. त्याच दिवशी बारक्याला उचलून नेलं.

आता मंडळीत माझ्याशी कुणी बोलत नाही. झाडू दुसरीच्या हाती दिलाय. स्टूल मात्र मी घरी आणलं, कणीक मळायला बरं पडतं. एका हाताने मळते, फार वेळ लागतो.

काल मी कोठडीत डबा घेऊन गेले. वाटलं, हाताचं विचारेल, त्या डोळ्याचं विचारेल. त्याने विचारलं, "भट्टी कोण पेटवतंय?" मी म्हटलं, "किल्ली मी बिस्किटवाल्याच्या बायकोला दिली." तेव्हा त्याने गजांवर कपाळ आपटलं, पुन्हा पुन्हा, रक्त येईपर्यंत. शिपायाने ओढून मागे नेलं. मला रडू आलं. लहानपणी याच पोराला मी कडेवर घेऊन फिरले, आणि आज त्याची भीती वाटली. तरी उद्या पुन्हा जाणार. तो बाहेरचं खात नाही, तुला माहीत आहे.

दुसरा डबा दवाखान्यात बिस्किटवाल्याला जातो. नळीने जाईल असं पातळ काहीतरी. त्याची बायको भट्टीवर असते, तिला रांधायला वेळ नाही. पहिल्या दिवशी तिने डबा दवाखान्याच्या अंगणात भिरकावला. आता घेते.

तू येतोस म्हणालास, बिस्किटवाल्याच्या घरच्यांची समजूत काढायला. तसा येऊ नकोस. तो शब्दही तिकडेच ठेव. यायचंच असेल तर लगेच ये आणि रिकाम्या हातांनी ये. डबे दोन आहेत, आणि माझा एकच हात चालतो.

तूच स्टुलावर बसवलेली,
सगळ्यांत हलकी,
चिमी