जमिनीवरून उचललेली लेक

मी, टायटस फुफिडियस, धंदा लोहारकी, राहणार ओस्तिया बंदर, आज राजीखुशीने हे मृत्युपत्र करीत आहे. डोके ठिकाणावर आहे. उजवा पाय जन्मापासून वाकडा आहे, पण सही मी हातानेच करणार.

माझी एकुलती एक मुलगी फुफिडिया हिला मी वारस नेमतो. घर, भट्टी, ऐरण, भाता, सगळे तिचे. पत्नी लोलिया हिने हयातभर याच घरात राहावे. तिला कोणी ऊठ म्हणायचे नाही. माझ्या पायाला तिने रोज कोमट तेल चोळले, ते उपकार फिटणारे नाहीत.

पुतण्या तुल्लस दावा लावणार, हे मला ठाऊक आहे. "काका, पोरगी तुमची नाही, अख्ख्या गावाला माहितीये," असे तो माझीच दारू पिऊन मला सांगतो. लोलिया एका शिपायाबरोबर निघून गेली तेव्हा हाच तारेचे वेटोळे घेऊन आला होता. "वल्कनदेवही लंगडा लोहारच की! त्यानं जाळं विणून बायकोला, व्हीनसला, मार्सच्या मिठीत पकडलं. तुम्हीही विणा, आम्ही बघायला येतो!" मी म्हटले, "मेल्या, सगळे देव पोट धरून हसले, पण त्या जाळ्यानं वल्कनची बायको घरी आली का?" ती तार तशीच पडून आहे. ती तुल्लसला द्यावी. बाकी काही देऊ नये.

लोलिया परत आली ती गरोदर. शिपाई जहाजावर चढून पसार झाला होता. दारातूनच म्हणाली, "हाकलायचं तर आत्ताच हाकला." मी म्हटले, "आधी जेवून घे."

पोर झाल्यावर सुईणीने रीतीप्रमाणे तिला जमिनीवर ठेवले. बापाने उचलले तर घरचे, नाहीतर उकिरड्यावर. लोलिया माझ्या पायाकडे बघत होती. मला वाकता येत नाही. मी धपकन खालीच बसलो, पोरीला छातीशी घेतले, आणि मग काही केल्या उठता येईना! लोलिया रडता रडता हसायला लागली. शेवटी सुईणीने आम्हा बापलेकींना उभे केले. याहून वेगळा पुरावा कोणी मागू नये. देवांचे उपकार, आणि खरे सांगतो, त्या शिपायाचेसुद्धा.

शेवटची सूचना. माणूस जायला टेकला की त्याला जमिनीवर ठेवतात. मला ठेवाल तेव्हा तुल्लसने हात लावू नये. फुफिडियाने उचलावे. मी जड आहे, पण ती लोहाराची लेक आहे.

साक्षीदार: भट्टीवाला अप्पुलेयस, नावाडी कॅनियस व शेजारचे पाच जण, सातही शिक्के खाली आहेत. सुईणीची साक्ष कायद्याला चालत नाही, तरी ती समोर बसून आहे.

ओस्तिया, वल्कनच्या सणाचा आदला दिवस.
टायटस फुफिडियस, फुफिडियाचा बाप