मतपत्रिकेवरून माझे नाव काढू नये

मी, उपासना सुभाष रामटेके, वय एकोणतीस, मूळची नागपूर जिल्ह्यातली, सध्या राहणार चँडलर, ॲरिझोना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव होता तो हे न लिहिण्यासाठी होता. "असलं अशुभ आधी कशाला लिहायचं," असे आईपासून शेजारणीपर्यंत सर्वांनी सांगून पाहिले. पण येत्या सोमवारी, सोळा तारखेला, माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. लहानपणी आलेल्या तापाने ती खराब झाली होती. डॉक्टर म्हणतात, धोका फार नाही. फार नाही म्हणजे थोडा आहे, म्हणून हे लिहिले.

इंग्रजी प्रत वेगळी केलेली आहे. ही मराठी प्रत घरच्यांसाठी आणि इथल्या मराठी मंडळींसाठी. यात असे पुष्कळ आहे जे इंग्रजीत लिहिण्याची गरज पडली नाही.

एक. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी रूममेट अपर्णा हिने करावी. ती नाही म्हणेल, मग रडेल, मग सगळे व्यवस्थित करेल.

दोन. बँकेत जे काही असेल ते आई जाईबाई हिच्या नावे करावे. बाबांच्या नावे नाही. बाबा ते वाटून टाकतील. आईने त्यातून आधी स्वतःचे दात करून घ्यावेत. घराला रंग देऊ नये.

तीन. जुनी करडी गाडी अपर्णाला. तिचा एसी उन्हाळ्यात मधूनच बंद पडतो, तेव्हा डॅशबोर्डवर डाव्या बाजूला थाप मारावी. प्रेशर कुकरही तिलाच.

चार. माझे अंत्यसंस्कार इथेच करावेत. त्रिशरण-पंचशील म्हणावे, ज्यांना येत नसेल त्यांनी शांत उभे राहावे. अस्थी नागपूरला न्यायच्या असतील तर बाबांनी ठरवावे. मला तिकडची ओढ आहे, पण कस्टममध्ये आईला कोणी उलटसुलट प्रश्न विचारलेले मला चालणार नाहीत.

पाच. माझा प्रबंध. हे कलम मोठे आहे.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. बाबा मांडव आणि लाऊडस्पीकरचा धंदा करतात. निवडणुकीत सगळ्या पक्षांचे स्पीकर तेच लावायचे. मी सातवीत असताना ते स्वतः नगरपरिषदेला अपक्ष उभे राहिले आणि त्यांचे डिपॉझिट जप्त झाले. त्यानंतर शाळेत माझे नाव 'डिपॉझिट' पडले. "हिच्या बापाकडे लाऊडस्पीकर होता, मतं नव्हती," असे एक शिक्षक वर्गात म्हणाले. त्या सरांचे नाव मी लिहीत नाही. या मृत्युपत्राने मी त्यांना काही देत नाही, एवढे नमूद करते.

हरलेल्या उमेदवारांचे पुढे काय होते हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. इथे पीएचडीला आले तेव्हा विद्यापीठात उत्तर इंग्लंडमधल्या हर्टनशॉ या एका मतदारसंघाचे सगळे दप्तर स्कॅन केलेले सापडले. कापडगिरण्यांचे गाव. १८८५ साली मतदारसंघ झाला, २०२४ साली फेररचनेत रद्द होऊन शेजारच्या दोघांत वाटला गेला. जन्म आणि मृत्यू दोन्ही माहीत असलेला मतदारसंघ. मुलाखतीत मला विचारले, स्वतःचा जिल्हा सोडून इंग्लंडचे गाव कशाला? मी म्हटले, इंग्रजांनी आमच्या जिल्ह्याचे गॅझेटियर लिहिले तेव्हा त्यांना हे कोणी विचारले नव्हते. माझी निवड झाली.

हर्टनशॉचा इतिहास थोडक्यात असा. सुरुवातीची वीस वर्षे एकच गिरणीमालक खासदार, त्यात दोनदा बिनविरोध. हुजूर पक्ष आणि उदारमतवादी यांचे पुढारी त्याच्याच घरी जेवायला बसून ठरवत, यंदा उगाच खर्च नको. १९०६ साली पहिल्यांदा चुरस झाली आणि तो पडला. १९१८ साली तिशीपुढच्या बायकांना मत मिळाले, १९२८च्या कायद्याने सगळ्याच सज्ञान बायकांना. त्याआधी घरच्या पुरुषाचे मत हेच घराचे मत, असे सरळ मानले जाई. १९४५ साली मजूर पक्षाचा उमेदवार मतदानाच्या तोंडावर वारला आणि मतदान पुढे ढकलावे लागले. आणि एडिथ क्रॅबट्री नावाची शिक्षिका तीनदा अपक्ष उभी राहिली, तिन्ही वेळा तिचे डिपॉझिट जप्त झाले. मागणी दर वेळी एकच: शाळेत मुलांना दुपारचे गरम जेवण.

मला सिद्ध करायचे होते की हरणारे माणूसही राजकारण बदलते. आणि ते दिसलेही. तिच्या दुसऱ्या पराभवानंतर दोन्ही पक्षांनी जेवणाची मागणी आपापल्या जाहीरनाम्यात घातली. पण १९५१ साली तिच्या तिसऱ्यांदा उभे राहण्याने मजूर पक्षाची मते फुटली आणि ज्याने पुढे जेवणाचा खर्च कापला तोच माणूस थोड्या मतांनी निवडून आला. हे सहावे प्रकरण आहे. माझ्या एका सह-संशोधकाला वाटते की ते तळटिपेत घालावे, म्हणजे प्रबंधाचा सूर बिघडणार नाही. तसे करू नये. प्रबंध माझ्या मागे कोणीही पूर्ण करो, सहावे प्रकरण आहे तिथे, आहे तेवढेच राहील.

ते लिहून झाल्यावर मी बाबांना फोन केला होता.

"बाबा, तुम्ही उभे नसते राहिले तर पलीकडच्या आळीतले काका निवडून आले असते ना?"

"आले असते."

"मग लोक तुमच्यावर त्यासाठी चिडले होते?"

"हो ना. स्पीकरची ऑर्डर पण दिली नाही दोन वर्षं." बाबा हसले. "माघारीच्या दिवशी चौघं घरी आले. चहा घेतला. म्हणाले, सुभाष, यावेळी नाव काढ, पुढच्या वेळी तुला बघू. मी म्हणलो, पुढच्या वेळी तुम्ही बघाल, या वेळी लोकांना बघू द्या."

"पश्चात्ताप होतो?"

"निकालाचा होतो. उभं राहिल्याचा नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत त्या, पोरी. तू शिकलेली आहेस, तुला कळायला पाहिजे."

मला ते कळायला सहावे प्रकरण लिहावे लागले. प्रबंध बाबांना अर्पण करावा. अर्पणपत्रिकेत फक्त 'उमेदवारास' असे लिहावे.

सहा. पुस्तके इथल्या विद्यार्थ्यांना द्यावीत. बुद्धाची छोटी मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर अपर्णाकडे राहू द्यावी; ती रोज पुसते, मी विसरते.

सात. आता 'व्हॅली मराठी परिवार' या आमच्या मंडळाविषयी.

मंडळ स्थापन झाल्यापासून अध्यक्ष बिनविरोध निवडला जातो. आजवरचे अध्यक्ष रवींद्र काका साठ्ये दर दोन वर्षांनी फोन फिरवतात, "काय, सगळं ठीक ना?" विचारतात, आणि सगळे ठीक म्हटले की निवडणूक झाली असे समजतात. नियमावलीत एका कुटुंबाला एक मत आहे आणि ते कुटुंबप्रमुखाने द्यायचे आहे. मी एकटी असल्यामुळे माझ्या घरची कुटुंबप्रमुख मीच. ज्या बायका इथे कॉम्प्युटर-चिपच्या कारखान्यात मोठमोठ्या टीम सांभाळतात, त्यांना मंडळात मत नाही. हे कोणी मुद्दाम केलेले नाही. फॉर्मवर एकच रकाना होता, तो नवऱ्याने भरला.

प्रत्येक सज्ञान सभासदाला स्वतंत्र मत असावे, या एकाच मुद्द्यावर मी अध्यक्षपदासाठी अर्ज भरला आहे. मतदान बावीस तारखेला, रविवारी. माघारीची मुदत अठरा, बुधवार.

काका घरी आले होते. म्हणाले, "अगं, निवडणूक म्हटली की गट पडतात. इथे आपण मोजके लोक. तू सेक्रेटरी हो ना, मी सगळ्यांशी बोलतो."

"सगळ्यांशी काका, की सगळ्यांच्या नवऱ्यांशी?"

"तू फार वाचतेस," ते म्हणाले, आणि चहा अर्धा सोडून उठले.

इथल्या माझ्या पहिल्या गणपतीला याच काकांनी मला आधी आडनाव विचारले, मग गाव विचारले, मग दुसऱ्या कोणाशी तरी बोलायला वळले. ते मी विसरलेले नाही. आणि नोव्हेंबरमध्ये मला श्वास घेता येईना तेव्हा हेच काका गाडी काढून मला इमर्जन्सीत घेऊन गेले आणि दिवसभर कॉफीवर बसून राहिले. तेही विसरलेले नाही. त्यांना माझ्याकडून देण्यासारखे काही नाही. चांगला विरोधी उमेदवार मात्र मी त्यांना दिला आहे.

म्हणून माझी सूचना अशी: मी मतदानापूर्वी मेले तरी मतपत्रिकेवरून माझे नाव काढू नये. दुःख म्हणून कोणाला बिनविरोध करू नये. ब्रिटनमध्ये हल्ली अपक्ष उमेदवार वारला तरी मतदान होते, आणि तोच पहिला आला तर पुन्हा निवडणूक घेतात. मंडळाच्या नियमावलीत याबद्दल काहीच नाही, म्हणून हाच नियम लावावा. माझे नाव हरले तर हरले. डिपॉझिट आमच्याकडे आधीही जप्त झालेले आहे.

येथवर लिहून झाल्यावर आज सह्यांसाठी दोघे आले. खालच्या मजल्यावरचा ईशान, जो इथेच जन्मला आणि मराठी अडखळत वाचतो, आणि शुभा काकू साठ्ये. काकू म्हणजे रवींद्र काकांच्या पत्नी. त्या डबा द्यायला आल्या होत्या. साक्षीदार हवा आहे असे अपर्णाने सांगितल्यावर पर्समधला चष्मा काढून, तो लावून वाचायला बसल्या. मी म्हटले, नुसती सही पुरे, वाचायची गरज नसते. त्या म्हणाल्या, "न वाचता सह्या खूप केल्या मी."

त्यांनी सगळे वाचले. कलम सात दोनदा वाचले. मला वाटले, रागावतील.

"मेलीस तर नाव काढू नये, हे लिहिलंस," त्या म्हणाल्या. "आणि जगलीस तर?"

"जगले तर आहेच की मी, काकू."

"कुठे आहेस? बुधवारी तू गुंगीत असशील. हे फुलं घेऊन येतील. डोक्यावरून हात फिरवतील, आणि तो खोटा नसेल हं. मग म्हणतील, बाळ, आता तू फक्त बरी हो, ते नाव-बिव राहू दे ना. आणि तू म्हणशील, हो काका. झालं. तेवढं पुरतं यांना. मी चौतीस वर्षं हो म्हणतेय."

ईशान म्हणाला, "ताई, पण विल जिवंत माणसाला लागू नसतं ना? इज धिस इव्हन लीगल?"

अपर्णा म्हणाली, नाही.

"नसू दे," काकू म्हणाल्या. "लिही तू."

म्हणून पुढचे कलम घालत आहे. कायद्याने ते मृत्युपत्रात बसत नाही, याची मला कल्पना आहे.

आठ. मी जिवंत राहिले तरी माझी माघार नाही. सोमवारपासून बुधवारच्या मुदतीपर्यंत मी कोणालाही, कोणत्याही अवस्थेत, 'हो काका' म्हटले असेल, तर त्याचा अर्थ एवढाच घ्यावा की मला काकांबद्दल आदर आहे.

हे मृत्युपत्र वाचून, समजून, मी दोन्ही साक्षीदारांसमोर त्यावर सही केली आहे.

उपासना सुभाष रामटेके
चँडलर, ॲरिझोना
गुरुवार, १२ फेब्रुवारी २०२६

साक्षीदार:

१. ईशान. माझ्यासमोर सही झाली. मराठी थोडी स्लो वाचली, पण पूर्ण वाचली.

२. शुभा साठ्ये. वाचून सही केली. बुधवारी हॉस्पिटलमध्ये तिच्या उशाशी मी बसणार आहे. फुले माझ्याकडे द्यावीत.